मागच्याला कळलं पाहिजे! बाइकला जादा ब्रेकलाइट लावताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं वाटतं, किंवा जे आत्ता ऑफिसच्या बसमध्ये हेडफोनशिवाय बसलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतेय.

आज गाडीवर बोलायचंय. मायलेज नाही, टॉप स्पीड नाही, नवीन मॉडेल तर अजिबात नाही. आजचा विषय आहे ब्रेकलाइट.

एक सांगा, तुमच्या गाडीचा ब्रेकलाइट लागलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता? हेडलाइट रोज दिसतो. इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते. हॉर्न बिघडला तर पुढच्या चौकात कळतं. ब्रेकलाइट मात्र चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो सगळाच्या सगळा दुसऱ्यासाठी असतो, मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. म्हणून तो उडाला, अर्धा झाकला गेला, मिणमिणता झाला, तरी आपल्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

गेल्या महिन्यात मी आमच्या बाबांच्या गाडीला जादा ब्रेकलाइट लावला. बाबा चाकणला कंपनीत आहेत. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराच्या पुढे तळेगाव रस्त्याने घरी येतात. तो रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आपली दीडशे सीसीची गाडी. लाइट लावायचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, गाडी आहे ती, गणपतीचा मांडव नाही. रोषणाई नको." त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. कसं, ते पुढे येईलच.

आधी आकडे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. गेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. अपघात कशा प्रकारे झाले त्याचे गट पाडले, तर सगळ्यात मोठा गट मागून धडकेचा, २१.४ टक्के. म्हणजे साधारण पाचातला एक. हे सगळेच दुचाकीचे नाहीत. त्यात ट्रक आहेत, कार आहेत, रस्त्याकडेला उभी वाहनं आहेत. पण मागून धडक बसते तेव्हा कारवाल्याला डिकी असते, सीट असते, बेल्ट असतो. आपल्याला फक्त नंबरप्लेट असते.

आमच्या टीममधल्या एका मुलाला मागच्या पावसाळ्यात कारने मागून ठोकलं. कॉलरबोन मोडलं, दोन महिने घरी. कारवाला पळून गेला नाही, थांबला, हॉस्पिटलपर्यंत आला. त्याचं एकच म्हणणं होतं, "याने ब्रेक दाबला हे मला कळलंच नाही." नंतर गाडी बघितली तर ब्रेकलाइट व्यवस्थित लागत होता. झालं असं होतं की रेनकोटचं मागचं टोक आणि बॅगेचं पावसाळी कव्हर, दोन्ही मिळून टेललॅम्पवर लोंबत होते. दिवा जळत होता, पण निरोप पोचला नव्हता.

मी दिवसभर सॉफ्टवेअरचं काम करते, त्यामुळे मला हे असंच दिसतं. ब्रेकलाइट म्हणजे एक निरोप आहे: "मी हळू होतेय." निरोप पाठवला म्हणजे काम संपत नाही. समोरच्याला तो दिसला का, दिसला तर कळला का, आणि वेळेत कळला का, हे तीन प्रश्न उरतात. जादा लाइट लावायचा तो या तीन प्रश्नांसाठी. नुसता उजेड वाढवण्यासाठी लावला, तर कधीकधी उलटं होतं.

दिसणं वेगळं, कळणं वेगळं

आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत मागे एकच बल्ब असतो, १२ व्होल्टचा, २१/५ वॉटचा. त्यात दोन तारा असतात. ५ वॉटची तार म्हणजे टेललाइट, जी रात्री कायम लागलेली असते. २१ वॉटची म्हणजे ब्रेकलाइट. दोन्ही एकाच लाल काचेमागे, एकाच जागी. दिवसा फारसा प्रश्न येत नाही. रात्री मात्र मागच्याला काय दिसतं? आधी एक लाल ठिपका, मग जरा जास्त लाल ठिपका. काच मळलेली असेल, पाऊस असेल, मागच्याच्या काचेवर वायपर फिरत असेल, तर "लाल" आणि "जास्त लाल" यातला फरक कळायला वेळ लागतो.

हा वेळ किती महाग आहे बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १६.७ मीटर. लाल दिवा बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर मागची गाडी तोवर २५ मीटर पुढे आलेली असते. अजून तिने ब्रेक लावायला सुरुवातही केलेली नसते.

त्यात जुन्या बल्बची स्वतःची एक सवय असते. बल्बमधली तार तापून पूर्ण उजेड द्यायला सुमारे ०.२ सेकंद घेते. एलईडी बटण दाबताक्षणी लागते. ०.२ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतं, पण ताशी ६०ला ते ३ मीटरहून जास्त आहे. ठोकर बसणं आणि थोडक्यात वाचणं यात बऱ्याचदा एवढंच अंतर असतं.

तिसरी गोष्ट अंतराच्या अंदाजाची. समोरची वस्तू जवळ येतेय हे डोळ्याला तिचा आकार वाढताना बघून कळतं. कारच्या मागे दोन दिवे असतात, त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसतं. बाइकच्या मागे एकच ठिपका. ठिपका ५० मीटरवर आहे की ३० मीटरवर, हे अंधारात पटकन सांगता येत नाही.

म्हणजे जादा ब्रेकलाइटकडून आपल्याला काय हवंय? तो पटकन लागावा. टेललाइटपासून थोडा वेगळ्या जागी असावा, म्हणजे "इथे आत्तापर्यंत अंधार होता, आता लाल झालं" हे सरळ कळेल. आणि तो झाकला जाऊ नये.

तिसऱ्या दिव्याची गोष्ट

कारच्या मागच्या काचेत वर एक तिसरा ब्रेकलाइट असतो ना, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत जॉन व्होएवोडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींना मागे एक जादा इशारा-दिवा लावला. १९७४ साली निष्कर्ष छापून आले. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. नंतर आणखी चाचण्या झाल्या, आणि १९८६ मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला वरचा तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. तो दिवा सगळ्याच गाड्यांना आल्यावर तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने अनेक वर्षांची माहिती तपासली. १९९८च्या अहवालात दीर्घकाळचा फायदा निघाला ४.३ टक्के. कुठे ६० आणि कुठे ४.३! चाचणीच्या वेळी तो दिवा नवीन होता, लोकांचं लक्ष जायचं. सगळ्यांना लागल्यावर डोळ्याला सवय झाली.

मग फुकट गेला का तो दिवा? नाही. त्याच अहवालाच्या अंदाजाने तेवढ्या ४.३ टक्क्यांतही दरवर्षी सुमारे दोन लाख टकरी टळणार होत्या, आणि दिव्याचा खर्च अगदी थोडा. म्हणून तो आजही आहे.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, जादा ब्रेकलाइटने फरक पडतो, पण तो काही कवच नाही. ज्या दिवशी "आता आपल्याला कोण ठोकतंय" असं वाटायला लागेल, त्या दिवशी तो लाइट नसलेलाच बरा. दोन, डोळा सवयीचा गुलाम आहे. कायम लखलखणाऱ्या गोष्टीकडे तो बघायचं सोडतो. फोनवर दिवसाला दोनशे नोटिफिकेशन आली की आपण काय करतो? म्यूट. मागे लाल पट्टी, निळी पट्टी, नंबरप्लेटभोवती फिरते दिवे असले की मागचा ड्रायव्हरही तेच करतो. आमच्या बाबांचं "रोषणाई नको" इथे बरोबर होतं.

काय लावलं आणि कुठे लावलं

बाबांच्या गाडीला मी दोन छोटे लाल एलईडी लाइट लावले, दोन्ही मिळून ३ वॉटचे. नंबरप्लेटच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर. एरवी ते पूर्ण बंद असतात, फक्त ब्रेक दाबला की लागतात.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लाइटना तीन वायरी असतात: एक अर्थ, एक मंद उजेडासाठी, एक ब्रेकसाठी. मंद उजेडाची वायर मी जोडलीच नाही, तिचं टोक बंद करून आत सरकवलं. कारण तेच, अंधारातून एकदम लाल व्हायला हवं.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली, मागे बसणाऱ्याचं जॅकेट, साडी-ओढणी, रेनकोट, सॅडल बॅग यातलं काहीही त्यावर येता कामा नये. गाडीवर माणूस बसवा, पावसाळी कव्हरसकट बॅग द्या, आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. दुसरी, लाइटचं तोंड सरळ मागे हवं, वर आभाळाकडे नको. तिसरी, टॉप बॉक्स असेल तर त्याच्या मागच्या बाजूला वरचा लाइट फार चांगला. कारण तो लगेच मागच्या कारच्या वरून, तिच्याही मागच्याला दिसू शकतो. फक्त बॉक्स काढ-घाल करत असाल तर मध्ये वॉटरप्रूफ कनेक्टर ठेवा.

दोन लाइट एकमेकांपासून फार लांब, फार खाली लावू नका. अंधारात ते लांबवर असलेल्या कारच्या दिव्यांसारखे वाटू शकतात, आणि मग मागच्याचा अंदाज आणखी चुकतो.

उजेड किती असावा? रात्री गाडी स्टँडवर लावा, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि तीन मीटर मागे उभे राहा. मान वळवावीशी वाटली तर लाइट जास्त आहे. सिग्नलला तुमच्या मागे उभा असलेला मुलगा दीड मिनिट तोच लाइट डोळ्यांत घेणार आहे, हे विसरू नका.

आणि ज्यांना नुसता बल्ब बदलून त्या जागी एलईडी बल्ब टाकायचा असेल त्यांच्यासाठी: लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो, त्यामुळे काचेतून बाहेर येईपर्यंत बराचसा उजेड अडतो. शिवाय टेल आणि ब्रेक यात ठळक फरक दिसतो का, ते लावून बघूनच पैसे द्या. कित्येक स्वस्त बल्बांत दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, आणि तो सौदा मूळ बल्बपेक्षा वाईट.

वायरिंग

आता माझा आवडता भाग. सामान साधं आहे. पुण्यात असाल तर लाइट आणि कनेक्टर नाना पेठेत, वायर, फ्यूज होल्डर, हीटश्रिंक तपकीर गल्लीत. सोबत एक मल्टीमीटर हवा.

पहिला नियम: वायरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. घरच्या वायरिंगच्या सवयीने आपल्याला वाटतं, काळी म्हणजे अर्थ. यामाहाच्या गाड्यांत काळी अर्थ असते खरी. पण होंडाच्या गाड्यांत हिरवी अर्थ असते, आणि काळी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह! तिथे काळीला अर्थ समजून जोडलं की फ्यूज गेलाच.

म्हणून मोजायचं. सीट काढा, टेललॅम्पचा कनेक्टर शोधा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब कनेक्टरच्या एकेका पिनला. चावी चालू करा. जिथे ब्रेक दाबला तरच १२ व्होल्टच्या आसपास दिसतं आणि सोडला की शून्य होतं, ती ब्रेकची वायर. हे हाताच्या ब्रेकने एकदा आणि पायाच्या ब्रेकने एकदा, असं दोनदा करा. याच वेळी अनेकांना शोध लागतो की आपल्या दोन ब्रेकपैकी एकाचा स्विच मेलेला आहे.

दुसरा नियम: फ्यूज. मूळ ब्रेक बल्ब २१ वॉटचा, म्हणजे १२ व्होल्टला १.७५ अँपिअर घेतो. आपले एलईडी ३ वॉटचे, म्हणजे पाव अँपिअर. लोड किरकोळ आहे, ०.५ चौरस मिलिमीटरची चांगली वायर पुरते. मग फ्यूज कशाला? कारण अनेक छोट्या गाड्यांत सगळ्या वायरिंगला मिळून एकच मेन फ्यूज असतो. तुमच्या लाइटची वायर कुठे घासून शॉर्ट झाली, तर तो मेन फ्यूज जातो आणि रात्री साडेबाराला हायवेवर हेडलाइटपासून इंजिनपर्यंत सगळंच बंद पडू शकतं. सुरक्षेसाठी लावलेल्या लाइटने हे करता कामा नये. म्हणून जिथे जोड घेतला तिथेच, जोडाला अगदी चिकटून, १ अँपिअरचा फ्यूज. काही झालं तर तो छोटा फ्यूज जाईल, गाडी चालत राहील.

कोणी म्हणेल रिले लावा. एवढ्या लोडला गरज नाही. गाडीच्या साध्या रिलेची कॉइलच सुमारे ०.१५ अँपिअर घेते. पाव अँपिअरच्या लाइटसाठी त्यातून काहीच हाती लागत नाही, वर बिघडायला एक भाग वाढतो.

तिसरा नियम: "१२ व्होल्ट" हा शब्द सैल आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत येतात. स्वस्त एलईडी पट्टीत तीन लाल एलईडी आणि एक रेझिस्टर ओळीने जोडलेले असतात. तीन एलईडी मिळून साधारण ६.३ व्होल्ट घेतात, उरलेले रेझिस्टरवर. १२ व्होल्टला उरतात ५.७, आणि १४.४ला ८.१. म्हणजे करंट ४० टक्क्यांहून जास्त वाढला आणि रेझिस्टरमधली उष्णता दुप्पट झाली. पट्ट्या दोन महिन्यांत का मरतात याचं हे एक मोठं कारण. म्हणून आत ड्रायव्हर असलेला, ९ ते ३० व्होल्टसारखी रेंज लिहिलेला लाइट घ्या. शंभर रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

चौथा नियम: जोड. वायर सोलून, पीळ मारून, वर काळी टेप, हे घरच्या माळ्यावर चालतं. गाडीवर ऊन, पाऊस, थरथर सगळं आहे. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि पावसात पाणी आत जातं. क्रिंप कनेक्टर चांगला दाबून किंवा सोल्डर करून वर हीटश्रिंक चढवा. मूळ वायर कापायची नसेल तर टेललॅम्पच्या कनेक्टरमध्येच बसणारी मधली हार्नेस मिळते. सर्व्हिस सेंटरला द्यायच्या आधी ती काढून गाडी पूर्ववत करता येते. अर्थ रंगवलेल्या स्क्रूला देऊ नका. टेललॅम्पच्या मूळ अर्थ वायरला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला द्या.

वायर नेताना सायलेन्सर आणि टायरपासून लांब. मागे दोन माणसं बसून गाडी खड्ड्यात गेली की मडगार्ड आणि टायर किती जवळ येतात, ते आधी बघून घ्या. वायरला थोडी ढील ठेवा. झाल्यावर तांब्याभर पाणी ओता, शंभर किलोमीटर चालवा, मग पुन्हा सगळे जोड तपासा.

कंपनीचाच एलईडी टेललॅम्प आणि सगळं कंट्रोलरवर चालणाऱ्या नव्या गाड्या असतील, तर घरी वायर कापू नका. वॉरंटीत असलेल्या गाडीवर तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

ब्लिंक नको, निळा नको

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "ताई, स्ट्रोब लावू का? भारी दिसतो."

नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मागच्या बाजूला लाल सोडून दुसऱ्या रंगाचा दिवा दाखवू देत नाहीत. अपवाद म्हणजे पिवळे इंडिकेटर, नंबरप्लेट उजळणारा दिवा, रिव्हर्सचा दिवा असे मोजके. म्हणजे निळे-पांढरे स्ट्रोब बाद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करून तिचा नोंदणीतल्या तपशिलाशी मेळ बिघडवू नये असं सांगतं. म्हणून कंपनीचा मूळ लॅम्प काढायचा नाही, झाकायचा नाही, त्याला काळी फिल्म लावायची नाही. जे काही जादा लावाल ते लाल आणि स्थिर असू दे.

काही नव्या गाड्यांत जोरात ब्रेक लावल्यावर दिवे भराभर लुकलुकतात, ते वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत त्या इशाऱ्याला अटी आहेत: वेग ताशी ५०च्या वर हवा, ब्रेकिंग खरंच जोराचं हवं, आणि लुकलुकणं सेकंदाला सुमारे चार वेळा. म्हणजे तो फक्त आणीबाणीचा निरोप आहे. चौकात हळू होतानाही लुकलुकणारा लाइट रोजच "वाघ आला" ओरडतो, आणि रोज ओरडणाऱ्याचं पुढे काय होतं ते गोष्टीत आपण लहानपणीच ऐकलंय.

मलाही मोह झाला होता. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक सेन्सर, गाडी किती जोरात हळू होतेय ते मोजायचं आणि त्यानुसार लाइट चालवायचा. दोन रविवारांचं काम. पण ज्या सर्किटवर बाबांचा जीव आहे तिथे माझा कोड नको, असं मी ठरवलं. स्विच, फ्यूज, लाइट. हँग व्हायला काही नाही.

लाइट जे करू शकत नाही

आता महत्त्वाचं. ब्रेकलाइट ब्रेकच्या स्विचवर लागतो. गाडी हळू झाली म्हणून लागत नाही. तुम्ही ताम्हिणी उतरताय, थ्रॉटल सोडला, चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात. गाडी ६० वरून ४०ला आली. मागे काय दिसलं? काहीच नाही. तुम्ही दहा लाइट लावलेत तरी दहाही बंदच. इंजिन ब्रेकिंग चांगलीच सवय आहे, घाटात तर हवीच. फक्त गिअर कमी करायच्या आधी ब्रेक हलकेच दोनदा टेकवा, पॅड लागायच्या आधी स्विच लागतो तेवढाच. मागच्याला निरोप गेला.

सिग्नलला उभे राहिल्यावर, मागे गाडी येऊन थांबेपर्यंत ब्रेक दाबून ठेवा आणि आरशात बघत राहा. मागे कोणी थांबलं की मग हात सैल सोडा. गाडी गिअरमध्ये असू द्या, बाजूला निघायला वाट ठेवा.

आणि मागे कोणी फारच चिकटून येत असेल तर त्याला जाऊ द्या. दीड सेकंदाचं गणित त्याला कुठलाही लाइट माफ करून देणार नाही.

या आठवड्यात करायचं काम

ज्यांना वायरिंगच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी तरी एवढं करा, पाच मिनिटं लागतात.

रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. चावी चालू करा. आधी फक्त हाताचा ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड वाढतो का बघा. मग फक्त पायाचा. पायाच्या ब्रेकचा स्विच स्प्रिंगवर असतो, तो सैल झाला की पेडल बरंच खाली गेल्यावर लाइट लागतो. नट फिरवून तो नीट करता येतो, कुठलाही मेकॅनिक करून देईल. काही जुन्या बेसिक गाड्यांना पुढच्या ब्रेकला स्विचच नसतो. तुमची तशी असेल तर निदान माहीत असू द्या आणि दोन्ही ब्रेक सोबत वापरा.

काच आतून-बाहेरून पुसा. मळकी काच म्हणजे फुकट घालवलेला उजेड. मागे लाल रिफ्लेक्टर तुटला असेल तर नवीन बसवा. हेल्मेटच्या मागे आणि बॅगेच्या पावसाळी कव्हरवर रिफ्लेक्टिव्ह टेपची एक पट्टी चिकटवा. तिला वायर लागत नाही, फ्यूज लागत नाही, आणि बल्ब उडाला तरी ती काम करते.

हे आपल्या गाडीचं झालं की घरातल्या दुसऱ्या गाडीचं करा. आईची स्कूटर, भावाची कॉलेजला जाणारी गाडी, रोज दूध टाकायला येणाऱ्या काकांची गाडी. पुढच्या सिग्नलला समोरच्या गाडीचा ब्रेकलाइट लागत नसेल तर शेजारी जाऊन सांगा, "दादा, मागचा लाइट बंद आहे." स्वतःचा ब्रेकलाइट कोणालाच दिसत नाही, त्यामुळे हे काम एकमेकांनीच करायचंय.

तुमच्या दोन ब्रेकपैकी कोणता स्विच बंद निघाला ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात हेडलाइटवर बोलू: समोरच्याला आंधळं न करता आपल्याला रस्ता कसा दिसेल. तोपर्यंत गाडी जपून चालवा, आरशात बघत राहा. भेटू!